मारुतीउडी आणि हळदीचे दोन ठसे

गोरेगावच्या आडतीच्या शेडमध्ये त्या दिवशी सोयाबीनला कुणी विचारत नव्हतं. पोती भिंतीशी रचून ठेवलेली होती, हमाल त्या पोत्यांवर चढून बसले होते आणि बाजाराला आलेली निम्मी माणसं टाचा उंचावून एका काळ्या रबरी चटईकडे बघत होती. चटईला वायर होती. वायर एका पेटीत गेली होती आणि पेटीवर लाल आकडे पेटत होते.

चटईपाशी शिवशंकर गुरुजी उभे होते. अंगात पांढरा ट्रॅकसूट, गळ्यात रुद्राक्ष, मनगटावर मोठं डिजिटल घड्याळ आणि कानाला अडकवलेला माईक. देव आणि दुकान दोन्ही एकाच अंगावर बसवायची त्यांना चांगली सवय होती.

"लोकहो, मी बुवा नाही!" माईक खरखरला. "मी अंगारा देत नाही, लिंबू कापत नाही, कोंबडं मागत नाही. उलट मीच अंधश्रद्धेचा शत्रू आहे. मी बोलतच नाही, माझं मशीन बोलतं! मशीन कुणाला घाबरतं का? मशीन कुणाची भीड धरतं का?"

"न्हाई!" माणसं म्हणाली.

"मोठमोठे खेळाडू ज्याच्यावर उड्या मारतात तेच हे मशीन. आणि हे आपलं बलकडं." त्यांनी तांबूस कडं उंच धरलं. "यात ऊर्जेच्या लहरी भरल्या आहेत. हातात घातलं की रक्तातला लोखंडाचा कण न् कण एका दिशेनं तोंड करतो!"

"गुरुजी, माझ्या कंबरेचं तोंड तेवढं सरळ करा की," मिरची-हळदीचं दुकान मांडून बसलेली जनकाबाई ओरडली. "बसली का उठवत न्हाई मला."

माणसं हसली. गुरुजीही हसले, पण डोळ्यांनी नाही. मग त्यांनी कोमलला पुढे बोलावलं.

कोमल म्हणजे गावातल्या तातेराव शेतकऱ्याची पोरगी. कबड्डी खेळायची. चढाईला गेली की मधल्या दोघींच्या काखेतून मासोळीसारखी निसटायची. पावसाळ्यात एका सामन्यात तिचा डावा गुडघा आत वळला आणि तेव्हापासून ती मैदानाबाहेर होती. आज तिनं आधी साधी उडी मारली. पेटीवर आकडा आला, एकतीस. म्हणजे एकतीस सेंटिमीटर.

"आता कडं घाल बेटा. डोळे मीट. मारुतीराय लंकेला निघाले तेव्हा त्यांचे पाय कसे होते? फोटो बघितलाय ना घरातला? मागे दुमडलेले! तसेच पाय घे. मनात मारुती, हातात कडं. हूप!"

कोमल उडाली, पाय मागे घेतले, खाली आली. लाल आकडे फिरले आणि थांबले.

त्रेचाळीस.

शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडून जावीत असा आवाज झाला. हमालांनी पोती बडवली. तातेरावनं पागोटं काढून गुरुजींच्या पायावर ठेवलं. कडी घ्यायला रांग लागली.

रांगेच्या मागे शिला मॅडम उभी होती. गावच्या शाळेत ती खेळाची बाई होती आणि पोरींना ताकदीचे व्यायाम शिकवायची. चार माणसांत बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळूला चिकटायची. तिनं फक्त एक बघितलं. सगळे आकड्याकडे बघत होते तेव्हा तिनं कोमलचा गुडघा बघितला होता. खाली येताना तो पुन्हा आत वळला आणि कोमलनं ओठ चावला.

*

संध्याकाळी शिला तातेरावच्या घरी गेली. कोमल बाजेवर पाय लांब करून बसली होती. तिची आई द्वारकाबाई गुडघ्यावर हळद-मिठाचा गरम लेप लावत होती. गुडघा सुजून वाटीएवढा झाला होता.

"हे काय?" शिला म्हणाली.

"शक्ती उतरून राहिली," द्वारकाबाई म्हणाली. "गुरुजी म्हणले, लहरी अंगात भरताना जागा फुगतेच."

"आणि सूज आली नसती तर?"

"तर म्हणले, शक्ती अलगद उतरली."

शिलाला हसावं की रडावं कळेना. सूज आली तरी गुरुजी खरे, नाही आली तरी खरे. असा धंदा बुडणार कसा?

"तातेराव दादा, हिंगोलीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? लिगामेंट अर्धं फाटलंय. डाव्या पायात उजव्याएवढी ताकद येईपर्यंत मैदान नाही. परवा रविवारी जर ती राज्याच्या संघाच्या निवड चाचणीला खेळली आणि उरलेलं अर्धं तुटलं, तर तिची कबड्डी संपली. कबड्डीच काय, जिना उतरताना गुडघा दगा देईल."

तातेराव ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

"मॅडम, तुमी तीन महिने पोरीला खुर्चीवरून उठा-बसा करायला लावून राहिले. काय झालं? गुरुजींनी एका दिवसात एकतिसाचे त्रेचाळीस केले. आपल्या तालुक्यातली पोरगी राज्याच्या संघात गेली न्हाई अजून. आता चालली तर तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

"दादा, तसं नाही..."

"बराबर तसंच आहे. अन् तुमीच शिकवलं ना तिला? काय गं कोमल, मॅडम काय म्हणतात रोज?"

कोमल खाली बघत म्हणाली, "आकडा खोटं बोलत न्हाई."

"ऐका!" तातेरावनं तंबाखूवर थाप मारली. "तुमच्या आकड्याला मान, अन् गुरुजींच्या आकड्याला न्हाई व्हय?"

घरी परतताना शिलाला तेच टोचत होतं. ती चटई खोटी नव्हती. प्रशिक्षणाला गेली असताना तिनं तसल्याच चटईवर उड्या मोजल्या होत्या. वायर खरी, पेटी खरी, आकडा खरा. मग कडं घातल्यावर उडी वाढली कशी? कदाचित आपल्यालाच कळत नसेल. कदाचित पोरीला नुसता विश्वास हवा होता आणि तो देणं आपल्याला जमलं नाही. नाहीतरी आपल्याला दोन पुस्तकं वाचण्यापलीकडे काय येतं? घरी जाऊन तिनं ती दोन पुस्तकंही चाळली. व्यायामाचं सगळं होतं, चटईला फसवायचं कुठे काही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शेडमध्ये पुन्हा गर्दी जमली. हिंगोलीला निघणाऱ्या खेळाडूंना गुरुजी जाहीर शक्ती देणार होते. कोमलही सुजलेल्या गुडघ्यावर पट्टा बांधून आली होती. शिला पुन्हा मागे उभी राहिली. आज बोलायचंच, असं ठरवून आली होती, आणि काय बोलायचं ते अजून तिला माहीत नव्हतं.

तातेरावनं येताना चार पोती सोयाबीन आणलं होतं. कार्यक्रमाआधी माल तोलून घ्यावा म्हणून तो कोपऱ्यातल्या तोलकाट्याकडे गेला. हमालानं पोतं उचललं.

"थांब रे," तातेराव म्हणाला. त्यानं चपला काढल्या, पागोटं हमालाच्या हातात दिलं आणि स्वतः काट्यावर उभा राहिला. आकडा बघितला. "त्रेसष्ट. हां, बराबर आहे. चढव आता."

गोरेगावच्या आडतीवरची ही रीतच होती. व्यापारी सख्खा भाऊ असला तरी पोतं चढायच्या आधी शेतकरी काट्यावर स्वतः चढायचा. आपलं वजन ज्याला त्याला तोंडपाठ. काटा त्यात चुकला तर मालातही चुकणार. मागच्या हंगामात एका काट्यानं तातेरावला अठ्ठावन्न दाखवलं होतं, तेव्हा त्यानं पोती पुन्हा बैलगाडीत टाकली होती आणि आडत्याच्या सात पिढ्यांची भर शेडमध्ये विचारपूस केली होती.

शिला ते बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं ते शंभरदा बघितलं असेल. आज मात्र तिच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. काट्यावर आधी स्वतः उभं राहायचं. चटईवर मात्र कुणीच उभं राहिलं नव्हतं. म्हणजे कोमलनं उड्या मारल्या होत्या, पण गुरुजी सांगतील तशा. कडं नाही तेव्हा साधी उडी. कडं घातलं की मारुतीउडी. एकावेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि श्रेय एकीला.

आणि मग तिला चटईच दिसली. ती काही डोळ्यांनी बघत नाही. तिला उंची कळतच नाही! तिला कळतं एवढंच, की पाय कधी उचलले आणि पाय कधी टेकले.

"कोमल बेटा, ये!" माईक खरखरला.

"थांबा!" शिला म्हणाली. आवाज चिरका निघाला. सगळी मुंडकी तिच्याकडे वळली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आल्या का मॅडम," गुरुजी गोड हसले. "लोकहो, ज्यांना तीन महिन्यांत जमलं नाही त्या आल्या आहेत. जागा द्या."

"बसा ना खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. "शाळेत पोरं हाका जाऊन!"

"बाईमाणसाला मारुतीचं काय कळतंय?" दुसरा म्हणाला. एका दांडग्या भक्तानं पुढे होऊन तिची वाट अडवली. "चला, निघा. शक्तीच्या वेळी विटाळ नको."

"अरे मुडद्या!" जनकाबाई मिरच्यांमागून कडाडली. "बाईमाणसाचा विटाळ, अन् उडी मारायला पुढे केली ती पोरगी काय गडी आहे व्हय? बोलू दे तिला!"

लोकांत हशा पिकला आणि तेवढ्या वेळात शिला दांडग्याच्या काखेखालून पुढे सरकली. ती गुरुजींशी बोलली नाही. तातेरावसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, आत्ता काट्यावर आधी कोण उभं राहिलं?"

"मी. काहून?"

"आडत्यावर विश्वास नाही?"

"विश्वास माणसावर असतो, मॅडम. काटा तपासूनच घ्यावा लागतो."

"मग ही चटई कुणी तपासली?"

माईकवरून गुरुजी घाईनं म्हणाले, "चटई विदेशी आहे! प्रमाणपत्र आहे!"

"आडत्याच्या काट्याला बी प्रमाणपत्र असतंय," एक म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला. शेडमध्ये कुजबुज झाली. काट्याचा विषय निघाला की तिथल्या प्रत्येक माणसाच्या अंगावर एखादा जुना ओरखडा होता.

"दादा," शिला म्हणाली, "तुम्हीच उडी मारा. कडं घालू नका. घाबरू नका, मी काही मंत्र म्हणणार नाही, मला येत नाहीत."

"मी? ह्या वयात?"

"बांधावरून उड्या मारतच असता की."

तातेरावनं इकडेतिकडे बघितलं. पोरीकडे बघितलं. पट्ट्याखालून तिचा गुडघा दोन्ही बाजूंनी फुगून आला होता. त्यानं चपला काढल्या.

शिलानं चटई ओढून शेडच्या चुन्याच्या भिंतीला लावली. "जनकाबाई, मूठभर हळद द्या." एका वाटीत हळद पाण्यात कालवून तिनं तातेरावला बोटं बुडवायला लावली. "हात वर करून उडायचं आणि जिथं पोचेल तिथं बोटं टेकवायची. पहिली उडी साधी. पाय सरळ."

तातेराव उडाला. भिंतीवर पिवळी बोटं उमटली. पेटीवर आकडा आला, एकोणीस.

"आता मारुतीउडी. कडं नाहीच. तेवढे पाय मागे दुमडा, वरून येताना शेवटपर्यंत खाली सोडू नका. हात तसाच वर."

"पडलो तर?"

"मी धरीन. पण हळद पुन्हा लावा."

तातेराव पुन्हा उडाला. पाय दुमडले, अंमळ झोकांडला, शिलानं दंड धरला. पेटीवरचे लाल आकडे फिरले आणि थांबले.

तीस.

मग जनकाबाईचा आवाज आला. "अगं माय! तातेरावच्या रक्तातलं लोखंड बिगर कड्याचंच फिरलं की!"

"थांबा," शिला म्हणाली. आता तिची जीभ मोकळी झाली होती. "आकडा नका बघू. भिंत बघा."

माणसं भिंतीकडे सरकली. हळदीचे दोन ठसे होते, एकाशेजारी एक. एकाच उंचीवर. दुसरा असलाच तर अर्ध्या बोटानं खाली.

"उडी वाढलीच नाही," ती म्हणाली. "एकोणीस म्हणालं तेव्हाही दादांचा हात इथंच आला, तीस म्हणालं तेव्हाही इथंच. ह्या चटईला उंची दिसत नाही. पाय सुटल्यापासून पाय टेकेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच ती मोजते आणि त्यावरून उंचीचा हिशेब करते. माणूस सरळ उतरला तर हिशेब बराबर येतो. पाय दुमडले तर माणूस खाली आलेला असतो, पण पाय उशिरा टेकतात. चटईला वाटतं, बाप्पा, हा तर अजून वरच आहे! काट्यावर पोतं ठेवलं आणि आडत्यानं फळीला खालून हळूच पाय लावला, तसंच हे. काटा खरा. आकडाही खरा. फक्त पाय कुणाचा ते बघायचं."

"हे ज्ञान अर्धवट आहे!" गुरुजींचा आवाज चढला. "लहरी संशयी माणसाजवळ काम करत नाहीत! ह्या बाईनं वातावरण दूषित केलं!"

"मग तुम्ही सांगाल त्या भक्ताला कडं घाला," शिला म्हणाली. "पाय सरळ ठेवून उडू द्या. वाढला आकडा तर मी शाळा सोडते."

ज्या दांडग्यानं वाट अडवली होती तोच छाती काढून पुढे आला. दोन्ही हातांत कडी. ती काढून आधी एकदा बिगर कड्याचा उडाला, मग कडी घालून. पाय सरळ. पहिला आकडा अडतीस आला, दुसरा सदतीस. तो पेटीकडे असा बघू लागला, जणू पेटीनंच त्याच्या आईवरून शिवी दिली असावी.

"आता शेवटचं," शिला म्हणाली. "कोमल, उडी मारायची नाही. ह्या स्टुलावर बस. कडं हातात राहू दे. आधी एकट्या उजव्या पायावर उठून उभी राहा."

कोमल उजव्या पायावर सहज उठली.

"आता डाव्यावर. दुखलं की लगेच पाय टेक."

कोमल उठायला लागली. अर्ध्यावर गुडघा थरथरला, आत वळला, आणि तिनं झटकन दुसरा पाय टेकवला. हा आकडा वाचायला पेटी लागत नव्हती. तातेराव बघत होता. त्याच्या बोटांची हळद पायजम्याला लागत होती आणि त्याला कळत नव्हतं.

"कडं हातात होतं, दादा," शिला हळू आवाजात म्हणाली. "हाच गुडघा उद्या मैदानात चार जणींच्या खाली जाणार होता."

तातेराव गुरुजींकडे वळला. "काल माझी पोरगी उडाली तेव्हा तुमाला हे दिसलं न्हाई व्हय?"

"श्रद्धा असती तर..."

"मी गुडघ्याचं विचारून राहिलो!"

गुरुजींचे चेले वायर गुंडाळू लागले होते. कड्यांची पेटी जीपमध्ये गेली, माईक बंद झाला, आणि जाता जाता गुरुजी एवढंच म्हणाले की ह्या गावाची पातळी नाही. जीप सेनगावच्या रस्त्याला लागली. तिच्यामागे दोन मोटारसायकली गेल्या, दांडग्याची त्यांतली एक. सदतीस आकडा बघूनही तो गेला. जाताना शिलाच्या पायाशी थुंकला.

*

रविवारी हिंगोलीला निवड चाचणी झाली. कोमल गेली नाही. दिवसभर ती तोंड फिरवून बाजेवर पडून होती. शिला ओसरीवर बसून राहिली. खोटी उडी उघडी पाडणं एक गोष्ट, आणि पोरीचं गेलेलं वर्ष परत देणं दुसरी. ते काही तिच्याकडे नव्हतं.

दिवस कलल्यावर कोमल उठली. तिनं खुर्ची अंगणात आणली आणि उठा-बसा सुरू केल्या.

"मॅडम," तातेराव म्हणाला, "एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"गुरुजींचा काटा तर धरला तुमी. पण तुमचा हा खुर्चीचा व्यायाम, ह्यानं पोरगी बराबर होऊन राहिली, हे तरी कशावरून? तुमी म्हणता म्हणून?"

घरातून द्वारकाबाई म्हणाली, "अहो, काय बोलता मॅडमला!"

शिला मात्र ओसरीवरून उठून उभीच राहिली. इतक्या वर्षांत गोरेगावात तिला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तिनं कोनाड्यातला खडू घेतला.

"मी म्हणते म्हणून मुळीच मानू नका. कोमल जेवढ्या उंच बैठकीवरून एकट्या डाव्या पायानं न थरथरता उठेल ती उंची भिंतीवर तुम्हीच आखा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. जितकं खाली बसावं तितका उठायला जोर लागतो, म्हणून बैठक बुटकी होत गेली तर मी खरी. नाही झाली तर मला हिंगोलीच्या डॉक्टरांकडे घेऊन चला आणि त्यांच्यासमोर जाब विचारा."

खुर्चीवर दोन पाट रचल्यावर कोमल डाव्या पायानं उठली, तेव्हा तातेरावनं खडू घेतला, गुडघे टेकले आणि तेवढ्या उंचीला भिंतीवर रेघ ओढली. मग मागे सरून डोळा बारीक करून बघितली, पुसली, आणि बराबर आडवी अशी पुन्हा ओढली.

आडतीच्या भिंतीवरचे हळदीचे ठसे अजून आहेत. चुना लावायची वेळ आली तेव्हा हमालांनीच तेवढी जागा सोडली. पुन्हा कुणी चमत्काराची पेटी घेऊन आलं, तिच्यावर लाल आकडे असोत की हिरवे, तर एवढंच करायचं. एकावेळी एकच गोष्ट बदलायची, आणि पोतं चढवायच्या आधी काट्यावर स्वतः उभं राहायचं. सोयाबीनसाठी आपण एवढं करतोच. लेकरांसाठी करायला काय हरकत आहे?